तयार होणाऱ्या फाइली रेपोत का ठेवू नयेत

(सेलू इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सेलूला यायचं ठरलं तेव्हा विषय काय घ्यावा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एआयवर बोला, असं बहुतेकांनी सुचवलं. पण परभणी-सेलूकडून पुण्याला कामाला आलेली मुलं आम्हाला भेटतात, त्यांचे कॉलेजचे प्रोजेक्ट दाखवतात, आणि दर वेळी एकच गोष्ट दिसते. स्वतः लिहिलेलं कोड फार तर दोनशे किलोबाइट, आणि रेपो चारशे मेगाबाइटचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लोन करायला बसलं की दिवसाचा डेटा निम्मा तिथंच संपतो. म्हणून म्हटलं, याच्यावरच बोलू. विषय दिसायला किरकोळ आहे, पण त्यातून काय काय निघतं ते बघा.

मागच्या रांगेत काही ज्येष्ठ मंडळी बसली आहेत, ज्यांचा कोडशी संबंध नाही. त्यांच्यासाठी एक मिनिट. व्हर्जन कंट्रोल म्हणजे तलाठ्याकडची फेरफाराची नोंदवही समजा. जमिनीत जो बदल झाला त्याला नंबर, तारीख, कोणी केला, कशामुळे केला, सगळं त्यात येतं. जुनी नोंद खोडायची नाही, नवीन नोंद घालायची. सॉफ्टवेअरमध्ये हे काम आज बहुतेक ठिकाणी गिट करतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. अशी एक वही आणि तिच्यातल्या सगळ्या फाइली मिळून रेपो. एका नोंदीला म्हणायचं कमिट.

आता आमची एक चूक सांगतो.

आम्ही तिघं जण एका खुल्या मराठी फॉन्टची डागडुजी करत होतो. फॉन्ट दोन रूपांत असतो. एक रूप माणसानं काम करायचं. फॉन्टफोर्ज नावाचं सॉफ्टवेअर वापरलं तर ती एसएफडी फाइल असते. साधा मजकूरच असतो तो: या अक्षराच्या रेषा अशा, हे जोडाक्षर या नियमानं. दुसरं रूप संगणकावर बसवायचं, टीटीएफ. पहिल्यापासून दुसरं एका आज्ञेत तयार होतं. पुण्यात रेड हॅटच्या मंडळींनी सांभाळलेले लोहित फॉन्ट तुमच्यापैकी लिनक्स वापरणाऱ्यांनी पाहिले असतील. २००४ साली ते खुले झाले, २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. त्यांच्या रेपोतही हीच रीत दिसेल: एसएफडी, जोडाक्षरांच्या नियमांची वेगळी फाइल, आणि टीटीएफ तयार करणारी छोटी स्क्रिप्ट.

आमच्या रेपोत मात्र एसएफडीही होती आणि टीटीएफही. सोयीचं पडतं म्हणून. एकदा तक्रार आली की 'ऱ्य' नीट उमटत नाही. 'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' दिसतं. घाई होती. आमच्यातल्या एकानं सरळ टीटीएफच उघडली, अर्ध्या 'ऱ'चा नियम तिच्यात घातला, सेव्ह केली, कमिट केली. काम झालं. तीन महिन्यांनी दुसऱ्यानं एसएफडीमध्ये 'ळ'चं वळण सुधारलं आणि नेहमीप्रमाणे मेक चालवलं. नवी टीटीएफ तयार झाली आणि जुनीच्या जागी बसली. 'ऱ्य'ची दुरुस्ती एसएफडीत कधी गेलीच नव्हती, त्यामुळे ती गायब. कोणाच्या लक्षात येणार? टीटीएफ ही बायनरी फाइल. गिट फक्त एवढंच सांगतं की फाइल बदलली. काय बदललं ते दिसत नाही.

ते लक्षात आलं एका स्मरणिकेत. कार्यक्रमाच्या जेवणाबद्दल आभार मानले होते, आणि छापून आलं होतं, 'आचार्यांनी केलेला स्वयंपाक उत्तम होता.' (हशा) आचारी बुवा खूश झाले असतील, पण पाचशे प्रती छापून झाल्या होत्या.

ही चूक घाईची होती, हे खरं. पण टीटीएफ रेपोत नसती तर ती करताच आली नसती. टीटीएफमध्ये केलेली दुरुस्ती कमिट होणारच नाही म्हटल्यावर त्याला एसएफडीत जावंच लागलं असतं. एकाच गोष्टीची दोन रूपं वहीत ठेवली की खरं कोणतं हा प्रश्न उभा राहतो. आणि हा प्रश्न उभा राहिला आहे हे कोणाला कळत नाही, ही त्यातली खरी अडचण.

आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे, कणगीत ठेवायचे. भाकरी कोणी पेवात ठेवली नाही. ज्वारी असली की भाकरी कधीही थापता येते, ताजी येते. रेपोचा साधा नियम हाच: माणसानं लिहिलेलं ठेवा, आणि त्यापासून यंत्र जे तयार करतं ते ठेवू नका. सीच्या ऑब्जेक्ट फाइली, जावाच्या क्लास फाइली, पायथनचं पायकॅश, नोड मॉड्यूल्स, बिल्ड नावाचं आख्खं फोल्डर, हे सगळं भाकरीत मोडतं.

तुम्ही म्हणाल, ठेवलं तर बिघडतं काय? जागाच जाते ना? जागेचं आधी सांगतो. साध्या मजकुराच्या दोन आवृत्त्यांत गिट चांगली बचत करतं, कारण एका ओळीचा फरक छोटा असतो. बायनरीत, त्यातही आतून आधीच दाबलेल्या जार किंवा झिपमध्ये, तुम्ही एक ओळ बदललीत तरी बहुतेक बाइट बदलतात. मग प्रत्येक कमिटला जवळपास पूर्ण नवी प्रत साठते. आणि पुढच्या कमिटमध्ये ती काढून टाकली तरी वहीत राहते, कारण वही जुनं विसरत नाही. गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल ढकलताच येत नाही. तेव्हा मुलं ती डिलीट करून पुन्हा ढकलतात आणि पुन्हा तोच नकार येतो. का? फाइल डिलीट झाली आहे, पण मागच्या कमिटमध्ये ती आहेच.

पण आमच्या मते जागा हे सगळ्यांत कमी महत्त्वाचं कारण आहे.

वेळेचा घोळ बघा. मेक हे साधन १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. ते कसं ठरवतं की फाइल पुन्हा तयार करायची की नाही? फक्त वेळ बघतं. मूळ फाइल तयार फाइलीपेक्षा नंतर बदलली असेल तर पुन्हा करा, नाहीतर राहू द्या. आता गिट फाइलीचा मजकूर साठवतं, पण फाइल कधी बदलली ती वेळ साठवत नाही. क्लोन केलं की सगळ्या फाइलींवर आत्ताची वेळ पडते, मूळवरही आणि तयारवरही. डिस्कवर कोणती आधी लिहिली गेली यावर मेकचा निर्णय ठरतो. म्हणजे एकाच्या लॅपटॉपवर फाइल पुन्हा तयार होते, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जुनीच वापरली जाते, आणि दोघं तासभर भांडतात की माझ्याकडे तर चालतंय. तयार फाइल वहीत नसती तर मेकला ती करावीच लागली असती. भांडणच नाही.

तिसरं, गोंगाट. टीटीएफच्या पोटात ती कधी तयार झाली ती तारीखवेळ असते. मूळ एसएफडीला हातही न लावता दोनदा मेक चालवा, दोन वेगळ्या टीटीएफ मिळतील. गिट म्हणेल, बदल झाला. मग प्रत्येक कमिटमध्ये विनाकारण एक टीटीएफ. दोघांनी एकाच वेळी केलं तर मर्ज कॉन्फ्लिक्ट, आणि बायनरीचा कॉन्फ्लिक्ट माणसाला सोडवता येत नाही. तुझी घ्यायची की माझी, एवढंच. (यावर उपाय आहे. सोर्स डेट एपॉक नावाचं एक व्हेरिएबल असतं. त्यात ठरलेली वेळ दिली की फॉन्टफोर्जसारखी साधनं घड्याळाऐवजी तीच वापरतात. एकाच मुळापासून बाइट-बाइट सारखीच फाइल निघावी यासाठी रिप्रोड्यूसिबल बिल्ड्स नावाची मोठी चळवळ आहे, तिच्यातून हे आलं. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.)

भाषांतराचं काम करणाऱ्यांना हा गोंगाट चांगला माहीत आहे. नोमसारख्या खुल्या सॉफ्टवेअरची मराठी भाषांतरं पीओ फाइलीत असतात. फाइलीचं नाव एमआर डॉट पीओ, एमआर म्हणजे मराठी. तिच्यापासून संगणकाला वाचता येणारी एमओ फाइल तयार होते. एमओ रेपोत ठेवायची नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. पण पीओचं काय? तिच्यात इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी वाक्य असतं, हे माणसानं लिहिलेलं. आणि प्रत्येक वाक्याच्या वर एक टीप असते: हे वाक्य कोडच्या अमुक फाइलीत अमुक ओळीवर आहे. ही टीप यंत्रानं लिहिलेली. कोणी कोडमध्ये वर चार ओळी घातल्या की खालचे सगळे आकडे बदलतात. मग भाषांतरकारानं 'जतन करा'चं 'साठवा' केलं, एवढाच बदल, पण कमिटमध्ये सातशे ओळी हिरव्या-लाल. तपासणारा काय तपासणार? तो 'ठीक आहे' म्हणतो आणि पुढं जातो. म्हणून गेटटेक्स्टच्या साधनांना सांगता येतं की ओळींचे आकडे लिहू नका, नुसतं फाइलीचं नाव लिहा. सांगायचं हे की रेघ दर वेळी फाइलीफाइलींतून जात नाही, कधी एकाच फाइलीच्या मधून जाते. एसएफडीतही तसंच आहे. फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी बदलल्याच्या वेळेची ओळ बदलते.

न वाचता 'ठीक आहे' म्हणण्याची ही सवय किती महागात पडू शकते याचं उदाहरण जगानं मार्च २०२४ मध्ये पाहिलं.

एक्सझेड नावाचं फाइली दाबण्याचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकावर ते असतं. जिया टॅन या नावानं एक व्यक्ती २०२१ पासून त्यात मदत करत होती. खरी ओळख आजही कोणाला माहीत नाही. हळूहळू विश्वास बसला, प्रकाशनाचे अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या आल्या आणि त्यांत चोरदरवाजा होता. तो कुठं लपवला होता हे आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. दोन ठिकाणी.

मुख्य माल होता रेपोत, चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींमध्ये. दाबलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या नमुना फाइली. अशा फाइली कोणी वाचत नाही, वाचता येतच नाहीत. आणि तो माल बाहेर काढून बिल्डमध्ये घुसवणारी किल्ली रेपोत नव्हती. ती टारबॉलमध्ये होती.

टारबॉल म्हणजे काय ते सांगायला हवं. सीचे जुने प्रकल्प ऑटोकॉन्फ वापरतात. माणूस कॉन्फिगर डॉट एसी नावाची छोटी फाइल लिहितो, तिच्यापासून हजारो ओळींची कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट तयार होते. पूर्वी लोक ती रेपोतच ठेवायचे. पण दोन जणांकडे ऑटोकॉन्फच्या दोन आवृत्त्या असल्या की प्रत्येक कमिटला हजारो ओळी इकडून तिकडे. म्हणून बऱ्याच प्रकल्पांनी ती रेपोतून काढली आणि प्रकाशनाच्या वेळी जे गाठोडं बांधतात, टारबॉल, त्यात घालायला सुरुवात केली. म्हणजे वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसलं तरी चालतं. रीत चांगलीच आहे. पण तिचा एक परिणाम असा की टारबॉलमध्ये अशा फाइली असतात ज्या रेपोत नसतात, आणि ते सगळे गृहीतच धरतात. एक्सझेडच्या टारबॉलमध्ये बिल्ड-टू-होस्ट नावाची एक मॅक्रो फाइल होती. इतर ठिकाणाहून येणारी नेहमीचीच फाइल, फक्त तिच्यात काही ओळी बदललेल्या होत्या. रेपो कितीही बारकाईनं वाचला असता तरी त्या ओळी दिसल्या नसत्या. आणि नुसती कॉन्फिगर स्क्रिप्ट पुन्हा तयार करूनही भागलं नसतं, कारण बदललेली फाइल हीच तिची कच्ची सामग्री होती.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे गृहस्थ. त्यांना दिसलं की एसएसएचनं लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यांनी ते सोडून दिलं नाही. २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं जाहीर केलं. तोवर त्या आवृत्त्या मुख्यतः डेबियन, फेडोरा वगैरेंच्या चाचणीच्या शाखांतच पोचल्या होत्या. आणखी काही महिने गेले असते तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

तेव्हा 'तयार फाइली रेपोत ठेवू नका' हा अर्धाच नियम झाला. उरलेला अर्धा असा की ज्या फाइली बाहेर ठेवल्या त्या मुळापासून पुन्हा तयार करून कोणालाही ताडून बघता आल्या पाहिजेत. कचरा घराबाहेर काढून शेजाऱ्याच्या दारात टाकला तर घर स्वच्छ दिसेल, इतकंच. पोस्टग्रेसनं १७ व्या आवृत्तीपासून आपलं गाठोडं बदललं. पूर्वी पार्सर वगैरे तयार करून टारबॉलमध्ये घालत, आता रेपोत जे आहे तेच टारबॉलमध्ये असतं. गंमत म्हणजे तो निर्णय एक्सझेडचं प्रकरण उघड होण्याआधीच झाला होता. आणि दुसरी गंमत, त्यांच्या रेपोत कॉन्फिगर स्क्रिप्ट आजही आहे! कमिट करणाऱ्यांनी ऑटोकॉन्फची एक ठरलेली आवृत्तीच वापरायची, असा दंडक आहे.

मग नियम मोडला का त्यांनी? आमच्या मते नाही. आपल्याकडे भाकरी साठवत नाहीत, पण पापड-कुरडया साठवतातच की. त्याही घरीच तयार होतात. पण त्याला ऊन लागतं, चार बाया लागतात, वर्षातून एकदाच जमतं. जी फाइल तयार करायला सगळ्यांकडे नसलेलं साधन लागतं, ती ठेवायला हरकत नाही. मात्र ती कोणी, कशानं, कोणत्या आवृत्तीनं तयार करायची हे लिहून ठेवायचं. गूगल फॉन्ट्सच्या रेपोत तर टीटीएफच असतात, कारण वाटायचा माल तोच आहे आणि तो रेपो वाटपासाठीच आहे.

लॉक फाइलींबद्दल नेहमी विचारतात. पॅकेज-लॉक एनपीएमनं तयार केलेली असते, मग ती ठेवायची की नाही? ठेवायची. ती तयार होते हे खरं, पण उद्या तयार केली तर वेगळी येईल, कारण तोवर जगातली पॅकेजेस बदललेली असतील. आज आपण नेमकं काय वापरलं याची ती नोंद आहे. नोंद वहीतच हवी. नोड मॉड्यूल्स फोल्डर मात्र नको.

आता करायचं कसं, ते थोडक्यात. रेपोच्या मुळाशी डॉट-गिटइग्नोर नावाची फाइल करा, तिच्यात एकेका ओळीवर नको असलेली नावं लिहा, आणि ती फाइल मात्र कमिट करा. तुमच्या एडिटरच्या खासगी फाइलींची नावं तिच्यात नकोत. त्यासाठी डॉट-गिट फोल्डरच्या आत इन्फोमध्ये एक्स्क्लूड नावाची फाइल असते. एक सापळा लक्षात ठेवा: एखादं फोल्डर पूर्ण वगळलं असेल तर त्यातली एकच फाइल उद्गारचिन्ह लावून परत घेता येत नाही. गिट त्या फोल्डरमध्ये डोकावतच नाही. यात आमची एक आख्खी संध्याकाळ गेली आहे.

आणि आधीच कमिट झालेल्या फाइलीवर इग्नोरचा काहीही परिणाम होत नाही. ती आधी वहीतून काढावी लागते: गिट आरएम, दोन डॅश, कॅश्ड. यानं फाइल तुमच्या डिस्कवर राहते. पण तुमचा सहकारी पुल करेल तेव्हा त्याच्या डिस्कवरून ती जाईल, म्हणून आधी फोन करा.

शेवटी एक चाचणी. नव्या फोल्डरमध्ये रेपो क्लोन करा आणि रीडमीत लिहिलंय तेवढंच करून बिल्ड होतं का बघा. बहुतेक वेळा होत नाही, आणि का होत नाही ते तिथंच कळतं. काही जण त्याऐवजी गिट क्लीन मोठ्या एक्सनं चालवतात. त्यानं फक्त वगळलेल्या फाइली पुसल्या जातात. पण तुमच्या पासवर्डची एन्व्ह फाइलही वगळलेलीच असते, तीही जाईल. आधी एन लावून नुसती यादी बघा.

प्रश्न घेऊ.

एका विद्यार्थिनीनं विचारलं, 'सर, परीक्षकांच्या संगणकावर जावाचं बिल्ड होत नाही, त्यांना जार हवीच असते. मग ती कुठं ठेवायची?' चांगला प्रश्न आहे. ज्या कमिटपासून जार केली त्याला टॅग लावा आणि त्या टॅगच्या रिलीजला जार जोडा. गिटहब, गिटलॅब दोन्हीकडे ही सोय आहे. सोबत शा-२५६ चा आकडा द्या. रेपो हलका राहतो, परीक्षकांना जार मिळते, आणि ती कोणत्या कोडची आहे हे कोणालाही ताडता येतं.

मागून काका विचारताहेत की तुमच्या आचाऱ्यांचं पुढं काय झालं. (हशा) खरं सांगायचं तर त्या वेळी जुन्या कमिटमधली ती टीटीएफच कामी आली. दुरुस्ती दुसरीकडे कुठंच नव्हती. तिच्यातून नियम उकरून काढायला तीन संध्याकाळी गेल्या, कारण तयार फाइलीत नियम असतात पण ते कशासाठी केले याच्या टिपा नसतात. मग तो नियम मूळ फाइलीत घातला, टीटीएफ रेपोतून काढली, आणि शब्दांची एक यादी केली: आचाऱ्यांनी, दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, ऱ्हास. दर बिल्डनंतर हार्फबझचं एक छोटं साधन ते शब्द जुळवून बघतं आणि एक जरी चुकला तरी बिल्ड थांबतं. ती यादी आम्ही हातानं लिहिली आहे, त्यामुळे ती रेपोत आहे.